नवोदयला नंबर लागला? पेटी भरायच्या आधी हे वाचा, आणि याच क्रमाने करा

पोराचा नाहीतर पोरीचा नवोदयला, म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, नंबर लागला की घरात पेढे येतात, सगळ्यांच्या मोबाइलवर स्टेटस लागतात आणि मग अख्खं घर एकाच गोष्टीच्या मागे लागतं, ती म्हणजे पेटी. किती मोठी घ्यायची, बादली कुठली, ड्रेस किती. पेटी एकदम भारी भरली जाते, मूल मात्र तसंच जातं. आणि पंधरा-वीस दिवसांत फोन येतो, "पप्पा, मला इथं करमत नाही, मला न्यायला या." काही घरं खरंच गाडी काढतात, मूल परत आणतात, टीसी काढतात आणि पुढे वर्षानुवर्षं हळहळत बसतात.

मी स्वतः सहावी ते बारावी सात वर्षं नवोदयमधे काढली, आणि आता दरवर्षी ओळखीतल्या चार-पाच घरांना या सगळ्यात मदत करतो. चुका त्याच त्याच होतात. कागदपत्रं उशिरा, सवयी लावायच्या राहिल्या, सोडायच्या दिवशी गोंधळ, पहिल्या महिन्यात रोज फोनसाठी धडपड, अभ्यासाकडे तर दिवाळीपर्यंत कुणाचं लक्षच नाही. म्हणून क्रमाने लिहितोय. दुसऱ्या कुठल्या निवासी शाळेत नंबर लागला असेल तर कागदपत्रांचे नियम वेगळे असतील, बाकी जवळपास सगळं लागू पडेल.

१. पहिल्याच आठवड्यात कागदपत्रं

यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. निवड ही कागदपत्रं तपासून पक्की होते, तोपर्यंत ती तात्पुरतीच. त्यामुळे पेढ्यांच्या आधी फाइल.

विद्यालयाकडून यादी मिळते, तीच शेवटची माना, पण साधारण हे लागतंच: जन्मदाखला, आधार, त्याच जिल्ह्यातला रहिवासाचा पुरावा, तिसरी-चौथी-पाचवी कुठल्या शाळेत झाली त्याचं मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, ग्रामीण भागातून निवड असेल तर तसा दाखला, जात किंवा दिव्यांगत्वाचा आधार घेतला असेल तर ती प्रमाणपत्रं, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, फोटो, आणि विद्यालयाने दिलेली हमीपत्रं.

लोक नेमके कुठे अडकतात ते सांगतो.

ग्रामीणचा नियम. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. मधे एखादं वर्ष सोडा, एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असेल तरी मूल शहरी धरलं जातं. तुम्ही राहता कुठे यावर हे ठरत नाही, शाळा कुठे आहे यावर ठरतं. फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्याने घाईत ग्रामीण टिक केलेलं असतं आणि पडताळणीत सगळं उघडं पडतं.

ओबीसीचा दाखला. केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. आपल्याकडे व्हीजे-एनटीत असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, त्यामुळे एनटीचा दाखला घेऊन पालक जातात आणि अडकतात. दोन वर्षांपूर्वी एक वडील माझ्यासमोर टेबलावरून परत फिरले, हातात दाखला होता, खरा होता, पण नमुना राज्याचा. सेतू केंद्रात जाऊन "केंद्राच्या नोकरी-प्रवेशासाठी लागतो तो ओबीसी दाखला" असं स्पष्ट सांगा आणि निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज टाका, कारण मे-जूनमधे सेतूत अख्ख्या तालुक्याची गर्दी असते.

नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, फॉर्मवर तिसरं. बापाच्या नावातलं एक अक्षर कमी-जास्त झालं तरी हेलपाटे. आजच सगळी कागदं शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत वाचा, जन्मतारखेसकट.

लक्ष ठेवा: जुन्या शाळेतून दाखला काढायची घाई करू नका. मुख्याध्यापकांना कल्पना देऊन ठेवा, अर्ज तयार ठेवा, पण विद्यालय सांगेल तेव्हाच काढा. पडताळणीत काही अडकलं आणि इकडचा दाखलाही काढून बसलात तर मूल दोन्हीकडून लटकतं.

तपासा: मूळ कागदं एका फाइलमधे, झेरॉक्सचे तीन संच दुसऱ्या फाइलमधे, आणि सगळ्याचे फोटो मोबाइलमधे. वेटिंग लिस्टवर असाल तरी हे आत्ताच करून ठेवा, वेटिंगवाल्यांना बोलावणं आलं की हातात दिवस फार कमी असतात.

२. तीस दिवस आधी: मुलाचे हात तयार करा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच सगळे गाळतात. नवोदयचा प्रवेश मिळावा म्हणून वर्ष-दोन वर्षं मुलाला घरात काडी उचलू दिलेली नसते, "तू फक्त अभ्यास कर". आणि मग दहा-अकरा वर्षांचं ते लेकरू अशा ठिकाणी जातं जिथे पहाटे उठण्यापासून चड्डी धुण्यापर्यंत सगळं स्वतः करायचं. माझं मत ठाम आहे, पहिल्या महिन्यात मुलं रडतात ती निम्मी घराच्या आठवणीने आणि निम्मी काम उरकत नाही म्हणून. बाथरूमची रांग, कपडे ओले, एक मोजा सापडत नाही, पीटीची शिट्टी वाजली, उशीर झाला म्हणून बोलणी बसली, आणि त्या सगळ्याला मूल एकच नाव देतं, करमत नाही.

तिथला दिवस साधारण असा: पहाटे पाच-साडेपाचला उठणं, पीटी, आंघोळ, नाश्ता, असेंब्ली, वर्ग, जेवण, थोडा आराम, दुपारचा अभ्यास, खेळ, संध्याकाळची हजेरी, जेवण, रात्रीचा अभ्यास, दहाच्या आसपास दिवे बंद. वेळा विद्यालयाप्रमाणे थोड्या बदलतात. म्हणून सुट्टीतले शेवटचे तीस दिवस घरीच असे चालवा:

पहिला आठवडा फक्त उठणं-झोपणं. साडेपाचला उठवा, दहाला झोपवा, आणि आईच्या कुशीत झोपायची सवय असेल तर वेगळ्या अंथरुणावर. आठवडाभर बाकी काही लादू नका.

दुसऱ्या आठवड्यात आंघोळ आणि कपडे. एक बादली पाणी, दहा मिनिटं, त्यात आंघोळ करून आतले कपडे धुऊन बाहेर. शर्ट धुणं शेजारी बसून शिकवा. आधी शर्ट भिजवायचा, मग कॉलर जमिनीवर सपाट पसरून तिथेच साबण चोळायचा, कफ आणि काखेजवळ तसंच, ब्रश हळू मारायचा, मग दोन पाण्यांतून काढायचा. पिळताना मुलं शर्टाचा गोळा करून दाबतात, पाणी निघतच नाही. एक टोक नळाला अडकवून दुसरं टोक पिळायचं दाखवा, लहान हातांना तेच जमतं. वाळत घालताना उलटा करून, चिमटा लावून, आणि संध्याकाळी स्वतः आठवणीने काढून आणायचा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. माझ्या शेजारच्या बेडवरचा मुलगा ओले कपडे गादीखाली ठेवायचा, कुठे वाळत घालायचे ते विचारायची त्याला लाज वाटायची, महिन्याभरात मांड्यांना नायटा झाला आणि तेही त्याने कुणाला सांगितलं नाही.

तिसरा आठवडा जेवण. जे बनेल ते, पुन्हा वेगळं काही मिळणार नाही, वीस मिनिटांत खाऊन स्वतःचं ताट घासून ठेवायचं. आपल्याकडे पोळी लागते, भात नको, वांगं नको, दूध नको असे लाड असतात, ते याच आठवड्यात हळूहळू कमी करा. मेसमधे रोज ठरलेला मेनू असतो, पोट भरतं, पण घरची चव नसते हे मुलाला आधीच खरं खरं सांगा.

चौथा आठवडा बोलणं. हा आठवडा गाळू नका. मुलाला ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा: "सर, मला बरं वाटत नाहीये." "मॅडम, हे मला कळलं नाही." "दादा, मला हे आवडत नाही, परत करू नका." हसण्यावारी नेऊ नका, अनोळखी मोठ्या माणसासमोर तोंड उघडणं हे खेड्यातल्या मुलाला खरंच जड जातं. याच आठवड्यात दोन रात्री मामाकडे किंवा आत्याकडे एकटं ठेवा, तुम्ही फोन करू नका.

मुलगी असेल तर आईने किंवा मावशीने पाळीबद्दल आत्ताच नीट बोलायचं. सहावी-सातवीत बऱ्याच मुलींना तिथेच पहिल्यांदा येते. पॅड कसं लावायचं, किती तासांनी बदलायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, पोट दुखलं तर कुणाला सांगायचं हे सगळं हातात पॅड घेऊन दाखवा. पेटीत एक पाकीट आणि गडद रंगाच्या दोन निकर वेगळ्या पिशवीत ठेवा. मेट्रनला, म्हणजे हॉस्टेलवर मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंना, सांगायला लाजायचं नाही हे तिच्या मनावर ठसलं पाहिजे.

तपासा: शेवटच्या रविवारी सकाळी मुलाला एकदाही न सांगता ते उठतं का, आवरतं का, अंथरूण घडी करतं का, कपडे वाळत घालतं का बघा. दोन-तीन गोष्टी राहिल्या तरी चालतील. सगळंच राहिलं तर उरलेले दिवस पुन्हा दुसऱ्या आठवड्यापासून करा.

३. आता पेटी

नवोदयमधे शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तकं हे सगळं विद्यालयाकडून असतं, रोजच्या वापराच्या बऱ्याच वस्तूही मिळतात. तरी सुरुवातीला मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून पहिल्या महिन्याची सोय घरून. विद्यालयाची यादी आली की तीच धरा, यादी येण्याआधी बाजारात जाऊ नका.

पेटी लोखंडी, मध्यम, एका मोठ्या माणसाला उचलता येईल एवढी आणि पलंगाखाली सरकेल एवढ्या उंचीची. कुलूप चांगलं घ्या आणि किल्ल्या तीन. एक मुलाच्या गळ्यात किंवा कमरेला दोऱ्यात, एक हाउस मास्टरांकडे (मुलाच्या हॉस्टेलची जबाबदारी असलेले शिक्षक), एक घरी. किल्ली हरवून कुलूप तोडणं हा पहिल्या महिन्यातला नेहमीचा प्रकार आहे, आणि तुटलेल्या कुलपाची पेटी म्हणजे मुलाची झोप गेली.

आत काय: रोजचे चार-पाच ड्रेस, आतले कपडे सात-आठ जोड (इथे कंजुषी नको, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत), मोजे पाच-सहा जोड, टॉवेल दोन आणि तेही पातळ पंच्यासारखे, जाड टर्किश टॉवेल वाळत नाही. चादर दोन, पांघरूण, मच्छरदाणी, बादली-मग, ताट-वाटी-पेला, साबणाची झाकणाची डबी, कपड्याचा साबण, ब्रश, खोबरेल तेल, कंगवा, नेलकटर, सुईदोरा, बटणं, चिमटे एक डझन, पाच मीटर दोरी, टॉर्च, छत्री किंवा रेनकोट, बुटाचं पॉलिश. चप्पल साधी रबरी, दोन जोड.

गणवेश सोडून नवीन भारी कपडे देऊ नका. घरी वापरलेले, अंगाला ओळखीचे कपडे द्या. आणि एक वस्तू घरातली, आजीची गोधडी असेल तर तीच. गोधडी पांघरून झोपलेलं मूल मी बघितलंय, नव्या कोऱ्या ब्लँकेटपेक्षा लवकर झोप लागते.

प्रत्येक कपड्यावर नाव पाहिजे. मार्कर धुतल्यावर फिका पडतो, त्यामुळे रंगीत दोऱ्याने एक छोटी खूण शिवा, कॉलरच्या आत आणि निकरच्या पट्ट्यात. सगळ्यांचे पांढरे मोजे, सगळ्यांचे पांढरे बनियन, दोरीवर चाळीस सारखे. खुणेचा रंग मुलाला पाठ असू द्या.

लक्ष ठेवा: पेटी आईने भरायची नाही. मुलाने भरायची, आईने बसून बघायचं. कुठली वस्तू कुठल्या कोपऱ्यात आहे हे मुलाला अंधारात हात घालून कळलं पाहिजे. सणसमारंभाच्या सामानासारखी आईने घडी घालून भरलेली पेटी पहिल्या दिवशी उपसली की पुन्हा बंदच होत नाही.

४. खाऊ, पैसे, मोबाइल

खाऊ कोरडा आणि थोडा. चिवडा, शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी फार तर. तूप पाझरणारे लाडू नकोत, पेटीत मुंग्या आणि उंदीर येतात. आणि वाटून खाणार हे धरूनच द्या, पहिल्या रात्री शेजारच्या पलंगावरच्या मुलाला शंकरपाळी दिली की ओळख झालीच.

रोख पैसे मुलाजवळ ठेवू नका, हाउस मास्टरांकडे जमा करायची पद्धत असेल तर तशी करा. मोबाइल मुलांना चालत नाही. पेटीच्या तळाशी लपवून मोबाइल देणारे पालक आहेत आणि मला त्यांचा खरंच राग येतो, कारण पकडलं जातं मूल, सगळ्यांसमोर बोलणी खातं मूल. सोनं, महागडं घड्याळ, तेही नाही. आजी-आजोबा, मामा, जवळच्यांचे नंबर मुलाला पाठ करायला लावा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्या.

५. सोडायचा दिवस: कुठलं काम कधी

सकाळी लवकर पोहोचा. क्रम असा ठेवा:

आधी ऑफिसमधे कागदपत्रं, हमीपत्रं, सह्या. हे होईपर्यंत पेटी गाडीतच राहू द्या.

मग नर्सची खोली. ॲलर्जी, दमा, फिट, चालू गोळ्या, चष्म्याचा नंबर, सगळं एका कागदावर लिहून न्या आणि हातात द्या. काही पालक आजार लपवतात, प्रवेश जाईल या भीतीने. रात्री दोन वाजता मुलाला दम लागला की तिथल्या माणसाला माहीत असलं पाहिजे, एवढंच डोक्यात ठेवा. अंथरूण ओलं व्हायची तक्रार असेल तर हाउस मास्टरांना किंवा मेट्रनला बाजूला घेऊन सांगा, मुलासमोर आणि इतर पालकांसमोर नाही. ते रात्री एकदा उठवायची व्यवस्था करतात, रबरी शीट घरून द्या.

मग हाउस. नवोदयमधे अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाउसेस असतात, जे मिळेल ते. पलंग मिळाला की अंथरूण मुलाला घालू द्या. पेटी पलंगाखाली, कुलूप लावून किल्ली गळ्यात. संडास, बाथरूम, पिण्याचं पाणी, कपडे वाळत घालायची जागा आणि मेस या पाच जागा मुलासोबत पायी फिरून बघा. शेजारच्या दोन पलंगांवरच्या मुलांची नावं विचारा, त्यांच्या पालकांचे नंबर घ्या.

शेवटी निरोप, आणि तो दुपारीच. अंधार पडेपर्यंत थांबू नका. "बाळा थांब, अजून पाच मिनिटं" असं करत गेटवर दोन दोन तास रडारड चालते, त्यात मूल पार खचून जातं. पुढच्या भेटीची तारीख सांगा, जवळ घ्या, निघा. आणि "मी बाहेर जाऊन येतो" असं खोटं सांगून कधीच निघू नका. त्या संध्याकाळी मूल गेटकडे बघत बसतं, मी अशा मुलांजवळ बसलोय.

६. पहिले चाळीस दिवस

रडणार. हे धरूनच चला. साधारण पहिला आठवडा नव्याची नवलाई असते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरं जाणवायला लागतं, पाच-सहा आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात.

फोन विद्यालयाने ठरवून दिलेल्या वेळीच. तेव्हा "करमतं का?" हे विचारू नका. या प्रश्नाला रडणं हेच उत्तर आहे. त्यापेक्षा विचारा, आज भाजी कुठली होती, खेळायला काय होतं, शेजारचा पोरगा काय म्हणतो, शर्ट वाळला का. घरातल्या लग्नाच्या, जत्रेच्या गोष्टी या काळात सांगू नका. आजीला फोन देताना आधी आजीला समजावा, कारण आजी रडली की संपलं.

"न्यायला या" म्हटल्यावर काय बोलायचं? "बरं, बघू" म्हणू नका, मूल रोज वाट बघतं. "नाटकं करू नको" हेही नको. सरळ म्हणा, "तुला आठवण येते, आम्हालाही येते. मी ह्या तारखेला भेटायला येतोय, तेव्हा सगळं बोलू." आणि त्या तारखेला जा म्हणजे जा. भेट ठरलेल्या दिवशीच, अधूनमधून चोरून नको, कारण तुम्ही निघून गेल्यावर ते मूल पुन्हा पहिल्या दिवसावर येतं, आणि बाकीची मुलंही.

लक्ष ठेवा: करमत नाही आणि त्रास होतोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करमत नसलेलं मूल फोनवर रडतं पण खेळतं, खातं, मित्राचं नाव सांगतं. जे मूल एकदम गप्प झालंय, वजन उतरलंय, एखाद्या ठराविक मोठ्या मुलाचं किंवा माणसाचं नाव काढलं की विषय बदलतं, अंगावर खुणा आहेत, वस्तू सारख्या "हरवतात", त्याच्याकडे त्याच दिवशी जा. एकट्यात बसवून शांतपणे ऐका, लिहून काढा, हाउस मास्टर, मग प्राचार्य, लेखी तक्रार, पोच घ्या. ऐकलं जात नाही असं वाटलं तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. सीट जाईल म्हणून गप्प बसू नका.

७. खाज, उवा, ताप

हॉस्टेलचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे खरूज. रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, काखेत बारीक पुरळ. पालक मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून देतात, त्याने काही होत नाही. डॉक्टरांना दाखवा. मलम फक्त पुरळावर लावायचं नसतं, मानेपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या अंगाला, सांगितलेले तास ठेवायचं, आणि सांगितलं असेल तर आठवड्याने पुन्हा. त्याच दिवशी कपडे, चादर, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला, अंगापासून दूर तो किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. आणि एकट्याने औषध करून उपयोग शून्य, खोलीतल्या सगळ्यांचं एकाच वेळी झालं पाहिजे, म्हणून नर्सला कळवणं हे पहिलं काम. सुट्टीत मूल घरी आलं की घरच्यांनाही लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकत्र औषध करा.

टॉवेल, कंगवा, निकर कुणाला द्यायची नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मा त्रास टळतो. ताप आला तर लपवून पीटीला जायचं नाही, नर्सकडे जायचं.

८. अभ्यास: पहिल्या दिवसापासून, दिवाळीनंतर नाही

आता ज्यासाठी एवढं केलं ते. सगळी सहावीची मुलं आपापल्या गावातली पहिल्या नंबरची असतात. वर्गात चाळीस पहिले नंबर बसले की एकोणचाळीस जणांचा नंबर जातो, आणि पहिल्या चाचणीचे मार्क बघून घरी सन्नाटा पसरतो. त्या मार्कांवरून मुलाला बोलू नका. शाळा बदलली, पुस्तकं बालभारतीची जाऊन एनसीईआरटीची आली, बोर्ड सीबीएसई झालं, आणि भाषा बदलतेय. नवोदयमधे सुरुवातीची वर्षं मातृभाषेचा किंवा प्रादेशिक भाषेचा आधार असतो आणि आठवी-नववीपर्यंत गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्र हिंदीत जातं. प्रत्यक्षात इंग्रजी शब्द सहावीपासूनच कानावर पडतात. झेडपीच्या मुलाला गणित येत असतं, प्रश्न काय विचारलाय ते कळत नाही.

म्हणून सुट्टीतच एक छोटी वही करा. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी शब्द: सम-विषम म्हणजे ईव्हन-ऑड, विभाजक म्हणजे फॅक्टर, विभाज्य किंवा पट म्हणजे मल्टिपल, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, परिमिती पेरिमीटर, क्षेत्रफळ एरिया, कोन अँगल, शेकडेवारी परसेंटेज. रोज पाच, महिन्यात दीडशे होतात. आणि १, २, ३ ऐवजी इंग्रजी आकड्यांत उदाहरणं लिहायची सवय लावा, मराठी माध्यमाच्या मुलांचा सातचा आकडा घाईत चुकतो आणि बरोबर आलेलं गणित चूक ठरतं. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, सहावीच्या गणिताचा पहिला धडा प्रिंट काढून वाचून घ्या. एकच. अख्खं पुस्तक आधी संपवायच्या मागे लागू नका.

तिथे गेल्यावर अभ्यासाचे तास भरपूर असतात, अडचण वेगळीच. रात्रीच्या अभ्यासाला मूल वही उघडून बसतं, पण काय करायचं ते ठरलेलं नसतं, मग चित्रं काढतं नाहीतर झोपतं. मुलाला एवढंच शिकवा:

दुपारच्या अभ्यासात फक्त आजचा गृहपाठ. रात्री पहिली वीस मिनिटं आज वर्गात जे झालं ते पुस्तक मिटून आठवायचं, वहीत चार ओळी लिहायच्या. मग गणिताची पाच उदाहरणं, रोज, रविवारीही. शेवटी न कळलेल्या गोष्टी एका वेगळ्या पानावर. ते पान घेऊन दुसऱ्या दिवशी शिक्षकांना गाठायचं. शिक्षक कॅम्पसमधेच राहतात, हा निवासी शाळेचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि लाजेपायी मुलं तोच घेत नाहीत. शिक्षक नसतील तर आठवीतल्या एखाद्या दादाला, ताईला विचारायचं.

पहाटे तीनला उठून अभ्यास करणारी मुलं असतात, त्यांचं बघून सहावीतलं मूल उठू लागलं तर थांबवा. झोप गेली की दिवसा वर्गात डुलक्या, आणि वर्गात गेलेलं रात्री परत येत नाही.

लक्ष ठेवा: गाइडं पाठवू नका. सुट्टीत घरी आल्यावर क्लास लावू नका. इंग्रजीसाठी गोष्टींची पातळ पुस्तकं द्या, लायब्ररीतून आठवड्याला एक घ्यायला सांगा.

तपासा: पालकभेटीच्या दिवशी मार्क विचारण्याआधी न कळलेल्या गोष्टींचं पान मागा. पान कोरं असेल तर मूल विचारत नाहीये. पान भरलेलं आणि खोडलेलं असेल तर मार्क मागून येतील, काळजी नको.

९. सुट्टीवरून परत जाताना, आणि नववीचं मायग्रेशन

दिवाळीच्या सुट्टीवरून परत जाताना मूल पहिल्यापेक्षा जास्त रडतं, पालक याने हादरतात. घरचं सुख पुन्हा चाखलेलं असतं ना. सुट्टीचे शेवटचे चार दिवस पुन्हा साडेपाचला उठवा, पेटी दोन दिवस आधी भरायला लावा, आणि निदान परत जायच्या दिवशी घरात पाहुणे नकोत. दुसऱ्या वेळची रड आठवड्यात संपते.

मायग्रेशनबद्दल बरेच पालक नववीत पहिल्यांदा ऐकतात आणि भांडायला जातात. प्रवेशाच्या हमीपत्रांत ते असतं, सही तुमचीच असते. नववीतली साधारण ३० टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमधे जातात, तिकडची इकडे येतात. म्हणून सहावीतल्या त्या कागदांवर सही करण्याआधी वाचा, आणि मुलाला सातवीपासूनच सांगत राहा की असं एक वर्ष येऊ शकतं. तोवर हिंदी बोलायची भीड मोडलेली हवी, नुसती वाचायची नाही. उत्तरेकडे जायचं ठरलं तर एक स्वेटर पुरत नाही, आतून घालायचे गरम कपडे दोन जोड, कानटोपी, जाड मोजे आणि एक चांगली रजई लागते, आणि ती डिसेंबरात पार्सलने पाठवू म्हणून मागे ठेवू नका, जुलैतच पेटीसोबत द्या.